ओळंब्याच्या घरचा वाकडा ओटा

११ फेब्रुवारी

प्रिय ताई,

आई गेली. परवा सकाळी. ती जायच्या आधीच तुला कळवायची खूप खटपट केली. तुझ्या नकाशा-खात्यातला माणूस फोनवर म्हणाला, बाईंचा तंबू घाटापलीकडे आहे, तिथे रेंज नाही, टपालाची जीप शनिवारी जाते. मी म्हटलं, आई शनिवारपर्यंत थांबायची नाही. तो म्हणाला, "बरोबर आहे." मग तुझा टपालाचा पत्ता त्याने दोनदा सावकाश सांगितला. वाईट माणूस नव्हता.

दुखणं तुला माहीतच होतं. शेवटी खाणं सुटलं, मग बोलणं कमी झालं. पण जायच्या आदल्या दिवशी तिने माझा हात धरला आणि स्पष्ट म्हणाली, "मला ओट्याला लाव." मी विचारलं, काय? पुन्हा तेच. "मला ओट्याला लाव रे." मला वाटलं, जन्म स्वयंपाकघरात गेला, तिथे जावंसं वाटत असेल. मग मी आणि हिने तिला खुर्चीसकट उचललं आणि ओट्याला टेकवून बसवलं. पाठीला उशी दिली. ही म्हणाली, चहा टाकते. आईने माझ्याकडे पाहिलं, मान हलवली आणि हसली. मी लहानपणी वीट उलटी लावली की बाबा हसायचे तसं. चहा दोन घोट घेतला. मला वाटलं, चला, तिच्या मनासारखं झालं.

माती दिली ती आपल्या रांगेत, बाबांच्या शेजारी. पाय उगवतीकडे, सगळ्यांचे असतात तसे. प्रार्थनाघराच्या कारभारीकाकांनी सगळं नीट केलं. लोक पुष्कळ आले. मी सगळ्यांना बसायला दिलं, बूट ओळीत लावले, खुर्च्या परत नेऊन दिल्या. रडू आलं नाही. हिला वाटतं मी मनात दाबतोय. दाबायला काही सापडत नाहीये, हे तिला कसं सांगू?

कबरीवरचा दगड अजून बसवलेला नाही. माती बसली की बसवीन. तो मीच घडवणार, दुसऱ्या कुणाला देणार नाही.

आता एक विचारायचं आहे. ही म्हणते, आता तरी तो ओटा सरळ करून घ्या. तुला आठवतो ना, एक टोक भिंतीला चिकटलेलं आणि दुसरं हातभर पुढे? मागच्या त्या तिकोनी फटीत हिचे चमचे पडतात, झुरळं होतात. आई होती तोवर ही बोलली नाही. अख्ख्या गावाने बाबांसारख्या गवंड्याला ओळंबा म्हणावं, त्यांच्या भिंतीला ओळंबा लावला तर दोरीच लाजेल म्हणावं, आणि त्याच ओळंब्याच्या घरचा ओटा वाकडा! शेजारी आईला चिडवायचे, "रांधता येईना, ओटा वाकडा." आई म्हणायची, "असू दे, मला बरा पडतो." ही म्हणते, आता ज्यांना बरा पडायचा त्या गेल्या. फोडू का?

पत्राच्या शेवटी मोठ्यांना नमस्कार लिहायची सवय आहे. मोठं आता तूच उरलीस, तेव्हा तो तुलाच.

तुझा,
धाकटा


२४ फेब्रुवारी

प्रिय धाकट्या,

पत्र मिळालं. जीपवाल्याने हातात दिलं आणि डिझेल भरायला गेला. मी वाचलं, घडी घातली आणि त्या दिवशीचं काम पूर्ण केलं. संध्याकाळी पुन्हा वाचलं. मलाही काही होत नाहीये. दात काढायच्या आधी डॉक्टर सुई देतात, मग ओठ आपलाच असतो पण चावला तरी कळत नाही, तसं आहे. तेव्हा तू एकटा नाहीस, एवढंच सांगते.

मी कुठे आहे ते तुला नीट सांगितलं नव्हतं. आईच्या माहेराच्या पट्ट्यात आहे. मुद्दाम आले नाही, काम इथे निघालं. आमचं खातं नकाशा काढतंय: कोणता धर्म कुठे आहे, कुठून आला, कोणत्या वाटेने आला. साहेबांना त्यात बाण हवेत. जाड, लाल बाण, इथून तिथे. मी फिरून पाहते तर बाणासारखं काहीच दिसत नाही. आपला धर्म इथे आला तो रस्त्याबरोबर. रस्ता बांधणारे मुकादम आपल्याकडचे होते. त्यांचं प्रार्थनाघर आधी तंबूत होतं, मग विहिरीपाशी आलं, मग त्याच्या पडवीत शाळा सुरू झाली. पोरांची बाकं उगवतीकडे तोंड करून मांडली. कुणी तलवार काढली नाही, कुणाला चमत्कार दिसला नाही. पोरं बाकावर बसली आणि एका पिढीत गाव वळलं. रस्ता झाल्यावरची सगळी घरं बघ, दारं उगवतीला, गल्ल्या काटकोनात, थडगी ओळीत. थेट आपलं गाव उचलून ठेवल्यासारखं.

आजोळी आता आपलं कुणी नाही. मामा तर कधीच शहरात गेला. आईचं घर कोणतं तेही कुणी सांगू शकलं नाही.

पण तुला हसू येईल अशी एक गोष्ट. इथे रस्त्याच्या आधीची दहा-बारा घरं उभी आहेत आणि प्रत्येकात चूल वाकडी! भिंतीला धरून नाहीच, आपल्या ओट्यासारखी तिरकी. घरोघरी मातीच्या चुली म्हणतात, इथे घरोघरी वाकड्या. माझ्या हाताखालच्या मोजणीदाराने रकान्यात लिहून टाकलं, "बांधकामातली चूक." मी त्याला म्हटलं, आमच्या बाबांनी इथे येऊन शिकवणी घेतलेली दिसते.

ओट्याचं म्हणशील तर फोड. तुझ्या बायकोला रोज तिथे उभं राहायचं आहे, मला नाही. माझी काही हरकत नाही. खरं सांगायचं तर सध्या कशालाच हरकत नाही.

तुझी,
ताई


९ मार्च

प्रिय ताई,

फरशा आल्या, सिमेंट आलं, हिने डबे बाहेर काढून पडवीत मांडले. मी छिन्नी घेऊन बसलो. आणि थांबलो. का ते सांगतो.

ओट्याच्या पुढच्या कडेचा गिलावा काढला तर खाली जमिनीवर गेरूची रेघ निघाली. गवंडी दोरीला गेरू लावून, ताणून, फटकारतो ना, तशी. ती रेघ ओट्याखालून भिंतीपर्यंत सरळ गेलेली आहे आणि ओटा अगदी तिच्याशी काटकोनात बसवलाय. मी गुण्या लावून पाहिला. भिंतीशी काटकोन नाही, पण रेघेशी ओटा केसाइतकाही हललेला नाही. ताई, चूक अशी होत नाही. हात चुकला तर कुठे कमी कुठे जास्त होतं. बाबांनी हे दोरी मारून केलंय.

आता गंमत बघ. आयुष्यभर लोक हसले आणि बाबाही त्यांच्याबरोबर हसले. "चुकला हात, काय करता," म्हणायचे. एकदा कारभारीकाका म्हणाले होते, फुकट सरळ करून देतो, तर बाबा म्हणाले, राहू दे, माणसाचं नाक खाली राहायला घरात एक तरी चूक असावी. मला तेव्हा ते फार मोठं वाक्य वाटलं होतं. आता वाटतं, नुसती थाप होती.

ही विचारते, थांबलात का? मी म्हटलं, माल भिजायचाय. तिला बरोबर कळतं मी खोटं बोलतोय ते. डबे अजून पडवीत आहेत आणि आम्ही जेवताना डब्यांसाठी आत-बाहेर करतोय. तुला काही सुचतं का? तू शिकलेली आहेस म्हणून विचारत नाही, विचारायला दुसरं कुणी नाही म्हणून विचारतो.

तुझा,
धाकटा


२२ मार्च

प्रिय धाकट्या,

ओटा फोडू नकोस. फोडला असलास तर मला सांगू नकोस.

तुझं पत्र वाचून मी पुन्हा त्या जुन्या घरांत गेले. एका घरात एक म्हातारी आहे, सगळे तिला थोरल्या काकू म्हणतात. ऐकायला कमी येतं, बोलायला मात्र कमी नाही. तिला मी चुलीचं विचारलं. ती म्हणाली, "वाकडी कसली? घर वाकडं आहे. चूल सरळच आहे." मग मला हाताला धरून चुलीपुढे उभं केलं. म्हणाली, "बघ समोर." समोर धुराने काळी झालेली भिंत. ती म्हणाली, "भिंतीच्या पलीकडे बघ गं, बये." बाहेर जाऊन पाहिलं तर भिंतीच्या नेमकं मागे ते शिखर, ज्याला हे लोक आजा म्हणतात. गावातली एकूण एक जुनी चूल त्याच्याकडे तोंड करून आहे.

मी विचारलं, तुमची प्रार्थना कशी असते? ती हसायलाच लागली. "उभं राहून हात जोडायला वेळ कुणाला होता? बाई दोन वेळा चुलीपुढे उभी राहिली की झालं. तोंड त्याच्याकडे, हात पिठात." एवढाच त्यांचा धर्म. ना घंटा, ना पुस्तक, ना प्रार्थनाघर. म्हणून तर आमच्या नकाशात इथे काहीच नव्हतं. आम्ही इमारती मोजत होतो.

आता पुढचं वाच, पण बसून वाच.

मी सहज विचारलं, माणूस गेलं की काय करता? ती म्हणाली, "चुलीला लावतो." मला वाटलं, चुलीपाशी ठेवत असतील. ती म्हणाली, "नाही गं. चुलीपुढे तोंड जिकडे असतं, तिकडे पाय करून मातीत ठेवायचं. उठलं की समोर आजा दिसला पाहिजे. त्याला चुलीला लावणं म्हणतात."

आपल्या घरी चूल नव्हती. ओटा होता.

तुझ्यावर रागावून लिहीत नाही. मी असते तर मीही तिला खुर्चीत घालून ओट्यापाशीच नेलं असतं, वर बिस्किटही दिलं असतं. ती हसली म्हणतोस. मला ते हसणं दिसतंय. माझ्या डोळ्यांसमोरून ते जात नाही.

आणखी एक. इथल्या विहिरीजवळचं प्रार्थनाघर बाबांनी बांधलंय. मी ओळखलं. कोपऱ्याच्या दगडाची धार ते नेहमी थोडी घासून गोल करायचे, पोरांना लागू नये म्हणून. तसाच कोपरा आहे. काकूला आठवतं: रस्त्याच्या टोळीबरोबर एक उंच गवंडी आला होता, बोलायचा नाही, भिंत मात्र आरशासारखी. जाताना इथली एक मुलगी लग्न करून घेऊन गेला. "तिने त्याचा धर्म घेतला," काकू म्हणाली, "इथे मग सगळ्यांनीच घेतला. पण तिने आधी." साहेबांचा लाल बाण एका दिशेने जातो. त्याच रस्त्याने उलट्या दिशेने आई गेली, आणि ते कुठल्याही नकाशात नाही.

मी कागदावर मोजून पाहिलं. तुझ्या पत्रातल्या तिरकेपणावरून रेघ ओढली. ती ओट्यावरून निघते, खिडकीतून, पाण्याच्या टाकीच्या डावीकडून, घाटावरून थेट आजाला लागते. आपल्या घरातून तो डोंगर दिसत नाही. मग बाबांना दिशा कशी कळली असेल? मला वाटतं, त्यांनी नव्या नवरीला रिकाम्या खोलीत उभं केलं असेल आणि विचारलं असेल, तुला कुठे बघायचंय? आणि मग दोरी मारली असेल.

आई उगवतीला लावली गेली. आता ते बदलत नाही. कबर उघडायची तर कारभारीकाकांना कारण सांगावं लागेल, आणि कारण सांगितलं की आईने जन्मभर जे झाकलं ते एका सकाळी चव्हाट्यावर येईल. लोक म्हणतील, इतकी वर्षं आमच्यात बसून ही दुसरीकडेच बघत होती. तुला तिथेच राहायचं आहे, काम त्यांच्याकडेच करायचं आहे. मी इथून सल्ले देणं सोपं आहे, म्हणून देत नाही. काय करायचं ते तू ठरव.

तुझी,
ताई


२६ एप्रिल

प्रिय धाकट्या,

तुझं पत्र नाही. चार जीपा आल्या, चारही रिकाम्या. रागावलास का? की मी सगळं लिहायला नको होतं?

काम संपलं. नकाशा दिला. मोजणीदाराने लिहिलेलं "बांधकामातली चूक" मी खोडलं आणि साधं लिहिलं, चुली डोंगराकडे. साहेब म्हणाले, हे कुठल्या रंगात दाखवायचं? दहा-बारा घरं आणि एक म्हातारी, याला रंग देता येत नाही. शेवटी तळटीप झाली, बारीक अक्षरात. आपलं गाव दुसऱ्या पानावर आहे, सगळं एका रंगात. साहेबांनी बोट फिरवलं आणि म्हणाले, "हे पान बघा कसं स्वच्छ आहे." मी हो म्हटलं. तिथे काय लिहिणार होते? लिहिलं असतं तर आईच उघडी पडली असती. मी काहीच केलं नाही, धाकट्या. मला अजूनही रडू येत नाही.

थोरल्या काकूने निघताना मला पुन्हा चुलीपुढे उभं केलं. मी उभी राहिले. काही वाटलं नाही, धुराने डोळे चुरचुरले इतकंच.

एक ओळ तरी लिही.

ताई


८ मे

प्रिय ताई,

रागावलो नव्हतो. तुझं पत्र वाचलं आणि हात चालेनात. गवंड्याचे हात थांबले की त्याचं डोकं चालायला लागतं, आणि ते बरं नसतं.

बरेच दिवस मी रोज तिकडे जायचो. कबरीच्या पायाशी उभा राहायचो आणि मनातल्या मनात तिला फिरवायचो. एका संध्याकाळी कारभारीकाका म्हणाले, "पोरा, किती येशील? दगड बसव, म्हणजे मन बसेल." तेवढ्यावरून सुचलं. तिला फिरवता येत नाही. दगड तर अजून बसायचा आहे, आणि तो माझ्या हातात आहे.

ओट्याखालची गेरूची रेघ मी गुण्याने आणि दोरीने कागदावर उतरवून घेतली. तोच कोन तिथे मारला. बाबांचीच दोरी वापरली, ती अजून त्यांच्या पिशवीत होती. दगड त्या रेघेवर बसवला. आता सगळी रांग उगवतीकडे बघते आणि आईचा दगड मात्र मान वळवून टाकीच्या डावीकडून घाटाकडे. कोपऱ्याची धार घासून गोल केली. तिथे पोरं खेळतात.

पहाटेच सगळं उरकलं, आणि सकाळी प्रार्थना सुटल्यावर लोक बघायला आले. कारभारीकाकांनी डोळे बारीक केले, मान तिरकी केली, मग स्वतःच दोन पावलं तिरके उभे राहिले. म्हणाले, "अरे ओळंब्याच्या पोरा, दगड वाकडा बसला की!" सगळे माझ्याकडे बघायला लागले. ताई, त्या क्षणी मी सांगू शकलो असतो. शब्द तोंडात होते. मग मला एकदम बाबा आठवले, पडवीत हसणारे. मी खाली बघितलं आणि म्हटलं, "हो काका, चुकला हात. काय करता."

काका हसले. म्हणाले, "बापाचाही एकदाच चुकला होता, तुमच्या त्या ओट्यात. रक्तात आहे तुमच्या." सगळे हसले. मीही हसलो. कुणीतरी म्हणालं, उचलून सरळ करू या, चार जण आहोत. मी म्हटलं, माल धरलाय, आता हलवला तर दगड तडकेल. माल कसला धरतोय, तासाभरापूर्वी घातला होता. पण गवंड्याच्या शब्दावर कोण वाद घालणार? गेले सगळे.

घरी आलो. हिला मी अजून काही सांगितलेलं नाही. सांगेन, तू आलीस की. डबे तिने स्वतःच आत नेऊन ठेवले होते आणि तिकोनी फटीत एक फळी बसवायला सांगितली, चमचे पडू नयेत म्हणून. म्हणाली, "राहू दे तुमचा ओटा. मला पण सवय झाली." आणि पाठमोरी उभी राहून पीठ मळायला लागली. मी दारात उभा होतो. ती जिकडे बघत होती तिकडे मी बघितलं. खिडकी, टाकी, आणि टाकीच्या डावीकडे नुसतं आभाळ.

तिथे मला रडू आलं, ताई. दारातच बसलो. ही पिठाच्या हातांनीच धावत आली, विचारत होती काय झालं, आणि मला एवढंच म्हणता येत होतं, तू उभी राहा, तू जा, ओट्यापाशी उभी राहा.

तुझं काम संपलंय. तू ये. आल्यावर आधी स्वयंपाकघरात ये, मग तिकडे जाऊ. वाटेत कुणी भेटलं, दगडाचं विचारलं, तर आपल्याला माहीत आहे काय सांगायचं. चूक झाली म्हणायचं.

तुझा,
धाकटा